मागचा पाय हवेत गेला की पिच इल्लीगल होते का?

वऱ्हाडी_बाप

नमस्कार मंडळी. इथे क्रिकेटच जास्त चालतं हे माहीत आहे, पण सॉफ्टबॉल जाणणारं कोणी असेल या आशेवर विचारतो.

मुलगी अकरावीत आहे, कॉलेजच्या संघाची पिचर, म्हणजे क्रिकेटच्या भाषेत बोलर; तिने टाकलेला चेंडू म्हणजे पिच. परवा विभागीय स्पर्धेत सातवी, म्हणजे शेवटची इनिंग सुरू होती. आम्ही एका रनने पुढे, दोन आउट झालेले, समोरच्यांच्या रनर दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. मुलीने पिच टाकली आणि बेसवरच्या पंचांनी डावा हात आडवा काढला. इल्लीगल पिच. तिसऱ्या बेसवरची पोरगी चालत होम प्लेटवर आली, म्हणजे रन, दुसरीवाली तिसऱ्यावर. बरोबरी. मुलगी आधीच रडकुंडीला आलेली, दोन पिचनंतर पुन्हा तोच हात आडवा. दुसरा रन. सामना संपला. समोरच्या संघाने बॅटला चेंडू न लावता सामना जिंकला, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

पंचांना नम्रपणे विचारलं तर म्हणाले, "मागचा पाय उचलते. घासत नाही." एवढंच. आमचे कोच गप्प. आता माझं म्हणणं असं की याच मुलीने, याच पायांनी, याच स्पर्धेत आधीचे सामने टाकले. तेव्हा कोणी काही बोललं नाही. मग बाद फेरीतच पाय कसा उचलला गेला?

घरी येऊन यूट्यूबवर अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींचे सामने पाहिले. तिथे तर निम्म्या पिचरचा मागचा पाय चक्क हवेत असतो आणि पंच ढिम्म. मग नियम नक्की आहे तरी काय? आणि आमची मुलगी चूक करते की नाही हे घरच्या घरी कसं तपासायचं? सध्या ती पाय इतका जपून ओढतेय की चेंडूचा वेग पार गेलाय.

तिसरा_बेस

नियम सरळ आहे. मुलींनी मागचा पाय जमिनीवर घासत आणायचा. उचलला की इल्लीगल. पंच बरोबर होते. आधीच्या पंचांनी दिलं नाही ही त्यांची चूक, या पंचांची नाही. राग येणं साहजिक आहे, पण नियम तो नियम.

फक्कीवाले_सर

तिसरा_बेस, घाई करू नका. "उचलला" हे अर्धंच वाक्य झालं. कधी उचलला ते सांगा, मग बोलू. मी शाळेत पीटी शिकवली, निवृत्त होईपर्यंत जळगाव-धुळ्याकडच्या मैदानांवर पंचगिरी केली, आणि या एका पायावरून झालेली भांडणं जेवढी ऐकली तेवढी आउट-सेफवरून ऐकली नाहीत.

वऱ्हाडी_बाप, पिच कशी घडते ते क्रमाने पाहा. पिचिंग प्लेट 61 सेंटिमीटर लांब, 15 सेंटिमीटर रुंद. मुलगी तिच्यावर उभी राहते, हात वेगळे ठेवून कॅचरची खूण घेते, मग हात एकत्र आणून थांबते. हे थांबणं पंचाला स्पष्ट दिसलं पाहिजे. हात सुटले की पिच सुरू, आता मागे फिरणं नाही. विंडमिलमध्ये, म्हणजे हात गोल फिरवून टाकताना, हाताने दोन पूर्ण फेऱ्या घ्यायच्या नाहीत. पुढचा पाय बॅटरच्या दिशेने टाकायचा आणि तोही प्लेटच्या दोन टोकांपासून सरळ पुढे काढलेल्या पट्ट्याच्या आत. चेंडू सोडताना हात कमरेच्या खाली, आणि मनगट कोपरापेक्षा अंगापासून लांब गेलेलं नको. इथपर्यंत कोणाचं भांडण नसतं.

भांडण असतं ते मागच्या पायाचं, आणि त्याच्या बाबतीत तीन वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात. लोक त्या तिन्हींना मिळून "पाय उचलला" म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

पहिली गोष्ट. पुढचा पाय टेकला, चेंडू सुटला आणि मग मागचा पाय उचलला गेला. याला काहीही अर्थ नाही. पिच झाली, आता ती नाचली तरी चालेल. अर्ध्या प्रेक्षकांना हाच पाय दिसतो आणि ते ओरडतात.

दुसरी गोष्ट, लीप. प्लेटवरून रेटा दिला आणि पुढचा पाय टेकण्याआधीच मागचाही जमीन सोडून गेला. म्हणजे क्षणभर दोन्ही पाय हवेत. मुलींच्या जुन्या नियमात हे इल्लीगल, कारण तिथे मागचा पाय ढकलून जमिनीला लागूनच ओढत आणायचा असतो. पुरुषांचं गणित वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत पुरुष पिचर प्लेटवरून सर्रास झेपावतात.

तिसरी गोष्ट, क्रो हॉप. ही खरी चोरी. प्लेटवरून निघाली, मागचा पाय पुढे येऊन पुन्हा रोवला, आणि त्या नव्या जागेवरून दुसऱ्यांदा रेटा देऊन चेंडू टाकला. पिच प्लेटवरून सुरू झाली, पण जोर मिळाला दीड-दोन फूट पुढून. याला मुलींच्या नियमांत माफी नाही.

फरक लक्षात घ्या. हवेतला पाय कशालाच ढकलू शकत नाही. ढकलायला जमीन लागते. म्हणून नुसत्या लीपने मिळणारा फायदा मला फार मोठा वाटत नाही, पुन्हा रोवलेल्या पायाने मिळतो तो मोठा. हिशोब करून बघा. महिलांसाठी पिचिंग प्लेटपासून बॅटरच्या होम प्लेटपर्यंतचं अंतर 13.11 मीटर, म्हणजे 43 फूट. तुमच्या मुलीचा चेंडू ताशी 80 किलोमीटरने येत असेल तर सेकंदाला साधारण 22 मीटर. दोन फूट पुढून सोडला तर बॅटरचे अडीच-पावणेतीन शतांश सेकंद गेले. मुळात तिच्या हातात अर्धा सेकंद असतो. शिवाय दुसऱ्या रेट्याने वाढलेला वेग वेगळाच. बॅटरच्या बाजूने विचार केलात तर हा नियम का आहे ते समजतं.

आता पंचांकडे येतो. बेसवर कोणी नसलं की बेसचा पंच पहिल्या बेसच्या रेषेजवळ असतो, पिचर त्याला बाजूने दिसते, पाय आणि जमीन यांच्यातली फट स्वच्छ कळते. रनर चढल्या की त्याला आत सरकावं लागतं आणि कोन बदलतो. तुमच्या सामन्यात दुसऱ्या-तिसऱ्यावर रनर होत्या. म्हणजे तो बराचसा मागून बघत होता. मागून बघताना बुटाचा तळवा दिसला की पाय हवेत आहे असं वाटतं, टोक जमिनीला लागलेलं असलं तरी. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, मी तिथे नव्हतो. पण त्या जागेवरून हा निर्णय देताना मी दोनदा विचार केला असता.

आणि तुमच्या कोचनी तोंड उघडायला हवं होतं. पाय उचलला की नाही हा पंचाच्या नजरेचा निर्णय, त्यावर प्रोटेस्ट चालत नाही. पण या स्पर्धेत कुठली नियमावली लागू आहे, त्यात शिक्षा काय, रनरला एक बेस मिळतो का, यावर चालतं. तेही पुढची पिच पडायच्या आत. हे महत्त्वाचं अशासाठी की पूर्वी इल्लीगल पिचला बॅटरच्या खात्यात एक बॉल (वाइडसारखी मोजली जाणारी खराब पिच) आणि सगळ्या रनरना एक बेस अशी दुहेरी शिक्षा सगळीकडे होती. आता काही नियमावल्यांत रनर जागेवरच राहतात, फक्त बॉल मोजतात. तशी नियमावली असती तर तुमचे ते दोन्ही रन झालेच नसते. स्पर्धेच्या आदल्या दिवशीच्या मीटिंगला चहा पिऊन परत येण्याऐवजी हा एक प्रश्न विचारायचा असतो.

घरी तपासायचं म्हणालात. मोबाइलआधी फक्की आणा. मैदान आखायची आपली साधी पांढरी फक्की. प्लेटच्या पुढे तीन-चार फूट पातळ पसरा आणि मुलीला नेहमीसारखं टाकू द्या. बघतोय हे सांगू नका. एकसंध ओरखडा उमटला तर पाय घासत येतोय. मध्येच ओरखडा तुटला तर लीप. तुटून पुढे टोकाचा खोल खड्डा पडला आणि तिथून मातीचा ढीग मागे उडालेला दिसला, तर पाय रोवून दुसरा रेटा दिला गेलाय. पंच खोटं बोलेल, बाप खोटं बोलेल, माती खोटं बोलत नाही.

गल्लीतला_गुगली

क्रिकेटवाल्याचा भाबडा प्रश्न. विंडमिल टाकताना कोपर वाकतं ना? मग ती थ्रो नाही का होत? आमच्याकडे 15 अंशांवरून केवढं महाभारत झालं.

फक्कीवाले_सर

कोपर किती वाकलं याची सॉफ्टबॉलला फिकीर नाही. हात खालून आला पाहिजे आणि सोडताना मनगट बाहेर फाकलेलं नको, एवढंच बघतात. तुमचा मुरलीधरन इथे निवांत झोपला असता. त्याच्या पायाकडे मात्र बघितलं असतं.

ऑस्टिनची_आई

मूळ पुण्याची, आता टेक्सासमध्ये. लेक इथे बारा वर्षांखालच्या संघात पिच करते, त्यामुळे शनिवार-रविवार मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत जातात.

यूट्यूबवर तुम्ही जे पाहिलंत त्याचं कारण सांगते. अमेरिकेतल्या कॉलेजच्या स्पर्धा एनसीएए या तिथल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या नियमांनी चालतात आणि 2024 च्या हंगामापासून त्यांनी हा नियम बदलला. आता पिचरचा मागचा पाय जमिनीपासून सुटला तरी चालतो. अट एकच, तो पुन्हा रोवून दुसरी सुरुवात करायची नाही. म्हणजे सरांच्या भाषेत लीपला माफी, क्रो हॉपला नाही. त्यानंतर हायस्कूलच्या नियमांतही तसाच बदल झाला. म्हणून तुम्ही बघितलेल्या मुली चुकत नाहीत आणि त्यांचे पंचही झोपलेले नाहीत. तुमच्या स्पर्धेत जुना नियम असेल तर तोच पाय तिथे इल्लीगल. दोन्ही खरं.

या बदलावर इथे पालकांमध्ये भरपूर धुसफूस झाली. ज्यांच्या मुलींनी वर्षानुवर्षं इमानदारीत पाय घासायला शिकून घेतलं ते चिडले. आमच्या शिकवणाऱ्या बाई मात्र खूश होत्या, कारण आधी एक पंच देतो, दुसरा देत नाही, तिसरा आईवडील ओरडले की देतो, असला प्रकार होता. माझं मत विचाराल तर बदल चांगला झाला. पाय जमिनीपासून बोटभर सुटला की नाही हे साठ-सत्तर फुटांवरून माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही, मग ते बघायला लावायचं कशाला? पुन्हा रोवलेला पाय तरी दिसतो.

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये काढा, पण कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, बरोबर बाजूने. उभं राहून वरून काढलेल्या व्हिडिओत पाय आणि सावली यांचा घोळ होतो. मी कित्येक महिने तसेच काढत होते.

तिसरा_बेस

सर, लीप आणि क्रो हॉपचा मुद्दा पटला. पण आपल्या मैदानांचं काय? मुरमाच्या मैदानावर खिळे ठोकून बसवलेली प्लेट, तिसऱ्या-चौथ्या इनिंगपर्यंत पुढे वीतभर खड्डा. पाय त्या खड्ड्यावरून जाताना हवेतच असणार. त्यालाही इल्लीगल देणार?

फक्कीवाले_सर

प्रश्न रास्त आहे. पाय सरळ रेषेत येतोय, जमीनच खाली गेलीय, तर मी देत नसे. पायाने जमीन सोडली की जमिनीने पाय सोडला, एवढं पंचाला कळायला हवं. पण खरा उपाय पंचाकडे नाही. दर इनिंगच्या मध्ये फावड्याने खड्डा भरून, पाणी शिंपडून, पायाने दाबून घ्या. आपल्याकडे यजमान संघ मंडप घालतो, सत्काराचे नारळ आणतो, फावडं मात्र कोणाकडे नसतं. पिचरने स्वतः बुटाने माती ओढून खड्डा बुजवला तरी कोणी हरकत घेत नाही.

दुसरं, खड्डा असला की मुलीला नकळत सवय लागते. खड्ड्याच्या पुढच्या कडेला पाय अडतो, तिथून जोर लावायला बरं वाटतं. म्हणजे खड्डाच तिला क्रो हॉप शिकवतो.

वऱ्हाडी_बाप

सर, तुमची फक्की केली. लिहितो ते वाचून तुम्हीच सांगा.

कॉलेजच्या मैदानावर सकाळी टाकायला लावलं. सुरुवातीला ओरखडा अगदी स्वच्छ, एका रेषेत, थोडा वळून येणारा. मी मनात म्हटलं, झालं, पंच चुकले. पण तिला थांबवलं नाही. ऊन चढलं, ती दमली, आणि मग ओरखडा प्लेटपासून वीतभर अंतरावर तुटायला लागला. आणखी पुढे गेल्यावर टोकाचा खड्डा. तुम्ही म्हणालात तसा मातीचा ढीगही मागे. ताईंनी सांगितलं तसा गुडघ्याच्या उंचीवरून व्हिडिओ काढला, त्यातही पाय टेकताना दिसतो. पहिल्या पिचमध्ये नाही, शेवटच्या सगळ्यांत.

त्या दिवशी तिने सकाळचा सामना पूर्ण टाकला होता आणि बाद फेरीचा तिसऱ्या प्रहरी. दुसरी पिचर संघात आहे, पण कोच तिला चेंडू देत नाहीत.

फक्कीवाले_सर

झालं तर मग, आधीच्या सामन्यांत का दिलं नाही याचं उत्तर तुम्हीच शोधलंत. पंचांनी दिलेला निर्णय त्या क्षणाला बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे, तुम्हाला सांगितलेलं कारण अर्धवट होतं. "उचलते" ऐवजी "पुन्हा रोवते" म्हणाले असते तर तुमची एवढी रात्र जागून गेली नसती.

ताजी असताना पोरीची रेषा स्वच्छ येते याचा अर्थ तिला येतं. मोडून नव्याने शिकवायची गरज नाही. आणि ती जपून ओढतेय ते आधी बंद करा. पाय ओढायचा नसतो, तो आपोआप मागून ओढला जातो. मांडी आणि कंबर पुढे गेली की मागचा गुडघा पुढच्या गुडघ्याकडे येतो आणि बुटाचं टोक माती घासत येतं. दमल्यावर होतं असं की पहिला रेटा कमी पडतो, वजन मागे राहतं, मग शरीर जोर भरून काढायला मधेच दुसरा आधार शोधतं. म्हणून रोग पायात दिसला तरी इलाज मांडीत आहे. जिने चढणं, एका पायावर बसका, पुढे लांब उडी मारून स्थिर थांबणं, हे आठवड्यातून तीन दिवस. पिचिंगच्या सरावात मागच्या बुटाच्या टोकाखाली जुना फडका धरा आणि तो फडका प्लेटपासून शेवटपर्यंत पायासोबत आला पाहिजे. मधेच सुटला तर पाय उचलला. अर्ध्या वेगाने सुरू करा, पूर्ण वेग नंतर.

दमल्यावर लांब पाऊल टाकायचा मोह होतो, तो आवरायला सांगा. पाऊल चार बोटं आखूड झालं तरी चालेल.

आणि कोचशी बोला, जरा गोडीने. आपल्याकडे एका मुलीच्या हातात चेंडू देऊन अख्खी स्पर्धा काढायची हौस आहे. वर उदाहरण देतात जपानच्या पिचर उएनोचं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत 413 पिच टाकल्या आणि जपानने अंतिम सामन्यात अमेरिकेला 3-1 असं हरवलं. खरं आहे, पण ती युकिको उएनो होती आणि तिच्यामागे काय तयारी होती ते कोणी सांगत नाही. तुमच्या कोचना एवढंच म्हणा की चौथ्या-पाचव्या इनिंगला हिला पहिल्या बेसवर उभी करा, दुसरीला दोन इनिंग टाकू द्या, शेवटी हिला परत आणा. बॅटिंगच्या क्रमातून ती बाहेर जात नाही, नियमाला काही बाधा नाही. सुरुवातीच्या संघातल्या खेळाडूला बाहेर काढलं तरी एकदा परत घेता येतं, हे तर त्यांना ठाऊक असेलच.

एक विचारायचं राहिलं. तिच्या उजव्या बुटाचं टोक बघा. फाटलंय का?

वऱ्हाडी_बाप

उजव्याला अंगठ्यापाशी भोक आहे, आतला मोजा दिसतो. नवा जोड दिवाळीत घेतला होता. तिची आई रोज ओरडते की पाय घासू नको, बूट खराब होतात.

ऑस्टिनची_आई

बाप रे! सापडलं!

फक्कीवाले_सर

आईला सांगा, ओरडणं थांबवा. मोच्याकडे जा आणि उजव्या बुटाच्या टोकावर जाड चामड्याचा तुकडा शिवून घ्या, खालून वर बोटांपर्यंत वळवलेला. नुसतं चिकटवलेलं मुरमावर दोन दिवस टिकत नाही, शिवूनच घ्या. चामडं झिजलं की तेवढंच बदलायचं. आणि आठवड्याने पुन्हा फक्की टाका, या वेळी ती दमल्यावर.